वसुलीचा रकाना

महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास पगारपत्रक करायला बसलो की शाळेतल्या प्रत्येकाचं घर माझ्यासमोर उघडं व्हायचं. कोणी भविष्य निर्वाह निधीची वर्गणी एकदम वाढवली, म्हणजे मुलीच्या लग्नाची तयारी. कोणाचा विम्याचा हप्ता बंद झाला, म्हणजे घरात ओढाताण. नागपुरातल्या एका अनुदानित हायस्कुलात मी लिपिक होतो. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता हे रकाने माणसाची नोकरी सांगत. माणूस कळायचा तो कपातीच्या रकान्यांतून. व्यवसाय कर बहुतेकांना सारखा, दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. गटविमा ठरलेला. त्याच्यापुढे पतसंस्थेची वसुली, आणि ती मात्र ज्याची त्याची वेगळी. तिथे फक्त आकडा असतो. तो कशापायी, हे लिहायला त्या कागदावर जागा नाही.

आता मी मनीषनगरात राहतो. रेल्वेरुळांच्या या बाजूची वस्ती. पूर्वी वर्धा रोडवर जायचं म्हणजे फाटकाशी ताटकळणं आलं, आणि फाटक बंद असताना मागे रुग्णवाहिका वाजत असली की सगळ्यांचाच जीव खालीवर व्हायचा. आता पूल झाला, भुयारी रस्ता झाला. इथे निवृत्त माणसं पुष्कळ, रेल्वेतली, बँकेतली, शिक्षण खात्यातली. त्यांच्या जोडीला मिहानमध्ये नोकरी करणारी तरुण जोडपी. संध्याकाळी बागेत बसलं की बोलणं फिरून फिरून दवाखान्यावर येतं. कोणाचे गुडघे, कोणाचं स्टेंट, धंतोलीत किती घेतले, रामदासपेठेत किती सांगितले, एम्समध्ये नंबर कधी लागतो.

एकदा तिथे एका बाईंनी सांगितलं, त्यांची मुलगी अमेरिकेत असते, तिच्या ऑफिसातल्या एका माणसाचा पगार दवाखान्याच्या थकलेल्या बिलापायी दर पंधरवड्याला कापला जातो. कोर्टाचा हुकूम थेट कंपनीकडे. ऐकणारे हळहळले. "आपल्याकडे असं नसते, बाप्पा," एक काका म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तसं करता आलं नाही. मी ती कपात स्वतःच्या हातानं केलेली होती, महिन्यामागून महिने.

तरी काका म्हणाले ते शब्दशः खरं आहे. अमेरिकेत दवाखाना आधी इलाज करतो, बिल मागाहून पाठवतो, आणि ते थकलं की वसुली करणाऱ्यांमार्फत कोर्टात जाऊ शकतो. तिथल्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यानं अशा साध्या कर्जापोटी हाती येणाऱ्या पगाराच्या जास्तीत जास्त २५ टक्के कापता येतात. टेक्सास राज्यात असल्या कर्जासाठी पगाराला हात लावता येत नाही, आणि न्यूयॉर्कनं २०२२ मध्ये दवाखान्याच्या बिलासाठी पगार कापणं आणि घरावर बोजा चढवणं बंद केलं. म्हणजे तिथे निदान एक गोष्ट लख्ख आहे. कर्ज दवाखान्याचं आहे, हे कागदावर दिसतं. त्यामुळे एखाद्या राज्याला ते वेगळं काढून म्हणता येतं, हे नको.

आपल्याकडे दवाखान्याला कोर्टाची पायरी चढायची वेळ येते कशाला? भरती करतानाच डिपॉझिट. रोज सकाळी काउंटरवरून निरोप, आणखी भरा. सुट्टी द्यायच्या दिवशी हिशेब पुरा झाल्यावर फाईल हातात. बिलाच्या वादासाठी रुग्णाला अडवून ठेवू नये, असं राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१८ मध्ये केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत म्हटलं आहे. पण आपलं माणूस वर खाटेवर असताना त्या काउंटरवर सनदेवरून वाद घालायची ताकद कोणात असते? घरचे लोक कुठून तरी आणतात आणि भरतात. दवाखान्याचं खातं त्या दिवशी मिटतं. आजाराचं कर्ज मात्र तिथून निघतं आणि दुसऱ्याच नावानं फिरायला लागतं. कधी ते सोनेतारण होतं, कधी पतसंस्थेचं आकस्मिक कर्ज होतं, कधी मेहुण्याकडून घेतलेले हातउसने. पगारपत्रकापर्यंत पोचेतो त्याच्या अंगावर आजाराची एकही खूण उरलेली नसते.

आमच्या शाळेतल्या प्रयोगशाळा परिचरांचं असंच झालं. पहाटे बायको न्हाणीघरात पडली, मेंदूत रक्तस्राव. सरकारी मेडिकलला न्यायचं की खाजगी दवाखान्यात, हे ठरवायला हाती जेमतेम काही मिनिटं. शेजाऱ्याच्या गाडीतून जो दवाखाना जवळचा वाटला तिथे गेले. पहिल्या डिपॉझिटला घरातले पैसे, दुसऱ्याला बायकोच्या बांगड्या. तिसऱ्या दिवशी ते शाळेत आले, दाढी वाढलेली, हातात पतसंस्थेचा अर्ज. दोन जामीनदारांच्या सह्या हव्या होत्या. गणिताचे सर मधल्या सुट्टीत पोळीचा घास हातात धरून होते. तो डब्यात ठेवला, हात पुसले आणि सही केली. ग्रंथपाल बाईंनी दुसरी. कोणी रक्कमही नीट पाहिली नाही. अर्जात 'कर्जाचे कारण' असा एक रकाना होता. परिचरांनी तिथे लिहिलं, 'घरगुती अडचण'. दहातले आठ अर्ज असेच असतात. दुखणं लिहायला माणसाला संकोच वाटतो, आणि लिहिल्यानं काही वेगळं घडणार नाही हेही त्याला ठाऊक असतं.

बायको वाचली, पण एक बाजू गेली. तिला उठवणं, बसवणं, भरवणं, सगळं त्यांच्यावर. अर्जित रजा संपली, अर्धपगारी संपली, मग बिनपगारी सुरू झाली. वैद्यकीय प्रतिपूर्तीचं देयक आम्ही भरून दिलं होतं. ते तपासणीला गेलं, जिल्हा शल्य चिकित्सकांच्या सहीला गेलं, मंजूर दरानं रक्कम ठरून परत यायचं होतं. त्या वाटेला वेळ लागतो, आणि मंजूर दर हा भरलेल्या बिलापेक्षा कमीच असतो. दरम्यान पगार शून्य. शून्यातून हप्ता कापता येत नाही. काही हप्ते थकल्यावर पतसंस्थेच्या मागणी यादीत तो आकडा परिचरांच्या नावापुढून उठला आणि गणिताच्या सरांच्या नावापुढे येऊन बसला.

मी यादी घेऊन सरांकडे गेलो. न सांगता कापणं मला जमलं नसतं. त्यांनी यादी पाहिली, चष्मा काढला. म्हणाले, "कापा ना जी. सही माझीच आहे." मी वळलो तेव्हा हाक मारून म्हणाले, "त्याला सांगू नका, माझ्याकडून कापून राहिले म्हणून."

कायदा या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराकडून वसूल करून पाहा आणि उरलं तर माझ्याकडे या, असं तो म्हणू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये हेच सांगितलं. त्याच कायद्याची पुढची कलमं आहेत. जामीनदारानं पैसे भरले की धनकोचे सगळे हक्क त्याच्याकडे येतात, कर्जदाराकडून ती रक्कम वसूल करायचा अधिकार त्याला मिळतो. वाचायला न्याय्य वाटतं. पण गणिताच्या सरांनी हा अधिकार कोणावर वापरायचा होता? एका बाजूनं लुळी पडलेली बाई आणि तिचं तोंड पुसणारा नवरा यांच्या दारात जाऊन? मित्र म्हणून केलेल्या सहीनं त्यांना मित्राचा सावकार करून ठेवलं होतं. ते गेले नाहीत. परिचरांना अर्थातच कळलं, शाळेत असं काही लपत नाही. मग परिचर कामावर परत आल्यावर स्टाफरूमच्या दारावरून जाताना मान खाली घालायला लागले, आणि सर मुद्दाम मोठ्यानं हाक मारून त्यांना चहाला बोलवायला लागले. दोघांनाही ते जड जात होतं. मला विचाराल तर या कर्जाचं सगळ्यांत महागडं व्याज हेच.

पगार किती कापता येतो, हा प्रश्न मला त्या काळात रात्री झोपू देत नव्हता, म्हणून मी दिवाणी प्रक्रिया संहिता मिळवून वाचली. १९०८ सालची. तिचं ६० वं कलम वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की कायदा लिहिणाऱ्या कोणीतरी कर्जबाजारी माणसाच्या घरात खरोखर डोकावून पाहिलं असावं. काय जप्त करता येणार नाही, याची ती यादी आहे. कर्जदाराचे, त्याच्या बायकोचे, मुलांचे अंगावरचे आवश्यक कपडे. स्वयंपाकाची भांडी. खाट आणि अंथरूण. धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं. सरकारी निवृत्तिवेतन. आणि पगारापैकी पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग. ३१,००० पगार असेल तर १,००० बाजूला ठेवा, ३०,००० चे तिनापैकी दोन भाग म्हणजे २०,००० त्यात मिळवा. २१,००० ना कोर्टालाही हात लावता येत नाही, कापता येतात ते १०,०००. तेही कायमचे नाहीत. एकाच हुकूमनाम्यापोटी चोवीस महिने कपात झाली की त्या हुकूमनाम्यासाठी तो पगार कायमचा मोकळा होतो. पोटगीचा हुकूमनामा असेल तर हिशेब वेगळा, आणि तसाच असायला हवा.

तो १,००० चा आकडा मात्र मला खुपतो. १९७६ च्या दुरुस्तीत तो ४०० होता, २००२ पासून १,००० झाला आणि तिथेच थांबला. त्या हजारात आज मनीषनगरच्या कोणत्याही मेडिकल स्टोअरमधून रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्यांची महिन्याची पुडी जेमतेम येते.

पण हे कवच कोर्टाच्या जप्तीपुरतं आहे. पतसंस्थेला कोर्टात जायची गरज नसते. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं ४९ वं कलम असं की सभासदानं आधीच करारपत्र लिहून दिलेलं असतं, माझ्या पगारातून संस्थेची रक्कम कापायचा अधिकार मालकाला राहील. संस्थेनं मागणी केली की मालकानं कापायचं. कापून पाठवलं नाही तर ती द्यायची जबाबदारी कापणाऱ्यावर येते. त्या एका तृतीयांशाचं बंधन या कलमात नाही. इतकं करूनही थकलं तर 'एकशे एकचा दाखला', म्हणजे निबंधकाकडून मिळणारा वसुली दाखला, आणि मग वसुली अधिकारी. कारखान्यातल्या कामगारांसाठी १९३६ चा वेतन प्रदान कायदा होता. त्यात एरवी निम्म्यापेक्षा जास्त पगार कापू नये अशी मर्यादा होती, पण सहकारी संस्थेचं देणं असेल तर पाऊण पगारापर्यंत मुभा. २०१९ च्या वेतन संहितेनं सगळ्या कपातींना मिळून निम्म्याची मर्यादा घातली, ते बरं झालं. आमच्या शाळेत मात्र मी असे महिने पाहिले की एखाद्याच्या 'निव्वळ देय' रकमेकडे पाहून माझंच पोट खपाटीला जायचं.

पतसंस्थेला मी दोष देत नाही. तिथला पैसा दुसऱ्या कोणाच्या तरी बचतीचा असतो, शिपायाच्या, स्वयंपाकीण बाईच्या, नव्यानं लागलेल्या शिक्षणसेवकाच्या. पतसंस्था नसती तर त्या तिसऱ्या दिवशी परिचर सावकाराकडेच गेले असते. विदर्भाला सावकाराचं दार काय असतं, हे सांगायला नको.

सावकारीवरून आठवलं. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, आणि १८७९ मध्ये दख्खनसाठी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. आमच्या नागपूरनं, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांतानं, १९३३ मध्ये कर्ज तडजोडीचा कायदा केला. त्यात मंडळं नेमली जात. धनको आणि ऋणको दोघांना समोर बसवून देणं किती, फेडण्याची ताकद किती, हे पाहून तडजोड घडवायची, हप्ते बांधून द्यायचे. त्या मंडळांनी सगळ्यांचं भलं केलं असा माझा दावा नाही. पण कर्ज का झालं आणि माणसाजवळ काय उरलं आहे, हे कोणीतरी समोर बसून विचारायचं, ही कल्पना याच शहरातल्या सचिवालयातून कायद्यात उतरली होती. पगारपत्रक हे विचारत नाही. शालार्थ प्रणाली आल्यावर तर मी आकडा भरायचो आणि बेरीज आपोआप व्हायची.

६० व्या कलमात आणखी एक ओळ आहे. मजुरांची आणि घरगुती नोकरांची मजुरी, पैशांत असो की धान्यात, अजिबात जप्त करता येत नाही. एक रुपयाही नाही. आमच्या इमारतीत बेसा-बेलतरोडीकडून कामाला येणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यापैकी एकीच्या मुलाला डेंग्यू झाला, प्लेटलेट उतरल्या, तिनं तीन घरांतून उचल घेतली. मग तिन्ही घरांनी दरमहा तिच्या पगारातून कापायला सुरुवात केली. कोणी ५००, कोणी १,०००. सगळी भली माणसं, बिनव्याजी पैसे देणारी. पण तीन घरांची कपात एकत्र केली तर तिच्या हाती काय उरतं, याची बेरीज तिन्ही घरांपैकी कोणाकडेच नव्हती. न्यायाधीशाला जे करता येत नाही ते आपण स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून करतो. माझ्या बायकोनं तिला सगळ्या घरांचा हिशेब एका वहीत मांडायला लावला, आणि तिन्ही घरच्या बायकांना चहाला बोलावून हप्ते लांबवून घेतले. १९३३ च्या मंडळाचं नाव तिनं कधी ऐकलेलं नाही.

देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला लोकांच्या थेट खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ वर आला, असं राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. हा उतार मोठा आहे आणि मला त्याचा आनंद आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या शिधापत्रिकेलाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. धर्मादाय दवाखान्यांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. म्हणून माझ्याकडे कोणी सल्ला विचारायला आलं की मी सांगतो, भरतीच्या काउंटरवर डिपॉझिटचा आकडा ऐकायच्या आधी आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचारा. तो नसेल तर समाजसेवा अधीक्षकांना भेटा. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घरातल्या सगळ्यांना सापडेल अशा जागी ठेवा. कारण एकदा पैसे भरून टाकले, ते कर्ज पतसंस्थेत जाऊन बसलं, की या सगळ्या योजनांच्या दृष्टीनं ते आजाराचं राहत नाही. 'घरगुती अडचण' माफ करणारी योजना कोणत्याही सरकारकडे नाही.

परिचरांची प्रतिपूर्ती शेवटी आली. त्यांनी ती पहिल्याच दिवशी सरांच्या घरी नेऊन दिली. सर घेत नव्हते. ग्रंथपाल बाईंनी मध्यस्थी केली, निम्मी रक्कम सरांकडे आणि निम्मी कर्जखात्यात, असं ठरलं. उरलेलं कर्ज त्यांनी पगारातून फेडलं.

सर अजून नोकरीत आहेत आणि पतसंस्थेचे सभासद आहेत. गेल्या वार्षिक सभेत त्यांनी उभं राहून विचारलं, कर्जाच्या अर्जात कारणाचा रकाना आहे तर तो मागणी यादीत का येत नाही? कारण आजाराचं असेल, दवाखान्याचे कागद जोडलेले असतील आणि कर्जदार त्याच आजारापायी बिनपगारी रजेवर असेल, तर जामीनदाराकडे जायच्या आधी सहा महिन्यांची मुदतवाढ द्यावी. प्रतिपूर्तीचं देयक प्रलंबित असेल तर ते मंजूर होईपर्यंत द्यावी. अध्यक्ष म्हणाले, थकबाकी वाढली की लेखापरीक्षणात संस्थेचा वर्ग उतरतो, त्याचं काय? ही शंका खरी आहे, ती उडवून लावण्यासारखी नाही. एका तरुण शिक्षिकेनं सुचवलं, नफ्यातून सभासद कल्याण निधीत जी रक्कम जाते तिच्यातून त्या सहा महिन्यांचं व्याज भरावं, म्हणजे खातं थकीत दिसणार नाही. यावर बराच वेळ बोलणं झालं आणि विषय पुढच्या सभेवर गेला.

३० सप्टेंबरच्या आत पुन्हा सभा आहे. ठरावाचा मसुदा सरांनी मला करायला सांगितला होता, तो मी करून दिला. कोणते आजार, कोणते कागद, किती मुदत, व्याज कोणत्या निधीतून, सगळं कलमवार. सूचक म्हणून सरांची सही झाली आहे. अनुमोदक म्हणून परिचरांनी सही केली.